शस्त्र हाती घेण्यापूर्वी : नवपदवीधर डॉक्टरांसाठी एक अभ्यासलेख

वैद्यकीय पदवी प्राप्त करून शल्यचिकित्सेच्या क्षेत्रात पाऊल टाकू इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींसाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे. तथापि आमच्या अहवालाचे वाचक असलेले विश्वस्त, देणगीदार, हितचिंतक आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांनीही तो वाचावा, अशी आमची इच्छा आहे. सर्जन कसा घडतो हे समाजाला ठाऊक असेल, तर त्याच्या घडणीसाठी लागणारा वेळ, साधने आणि संयम देण्याची समाजाची तयारी होते, असा आमचा विश्वास आहे.

आपल्या देशात एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता असते. पुढे नीट-पीजी ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षांचा एम.एस. किंवा डी.एन.बी. हा पदव्युत्तर अभ्यासक्रम येतो. मेंदू, मूत्रपिंड, हृदय, प्लॅस्टिक सर्जरी अशा एखाद्या शाखेत प्रावीण्य मिळवावयाचे असल्यास साधारणतः आणखी तीन वर्षे द्यावी लागतात. म्हणजे बारावीनंतर किमान साडेआठ ते साडेअकरा वर्षे. या दीर्घ प्रवासातील पहिला टप्पा म्हणजे पदवी परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून पदव्युत्तर प्रवेश मिळेपर्यंतचा काळ. बहुतेकांच्या दृष्टीने हा केवळ प्रतीक्षेचा काळ असतो. आमच्या मते शल्यचिकित्सेची खरी पायाभरणी याच काळात होते. हाताला, डोळ्याला आणि बुद्धीला जे वळण लावावयाचे, ते रुग्णाच्या शरीरावर शस्त्र चालविण्यापूर्वी लावले पाहिजे. आपल्या शिक्षणाची किंमत रुग्णाने मोजता कामा नये. हाच या लेखाचा मुख्य विचार होय.

परीक्षा आणि रुग्णशय्या

नीट-पीजी परीक्षेत साडेतीन तासांत २०० बहुपर्यायी प्रश्न सोडवावे लागतात. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरामागे १ गुण वजा होतो. इच्छुकांची संख्या मोठी आणि जागा मोजक्या असल्याने या परीक्षेचे दडपण किती असते, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. या दडपणापोटी आंतरवासितेचे वर्ष कसेबसे उरकावे, हजेरीपुरते वॉर्डात यावे आणि उरलेला सर्व वेळ अभ्यासिकेत घालवावा, असा मोह अनेकांना होतो. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु या व्यवहारात काय हातचे जाते, याचा हिशेब मांडणे आवश्यक आहे.

२०२१ च्या नियमावलीनुसार आंतरवासितेच्या ५२ आठवड्यांपैकी सामान्य शल्यचिकित्सेच्या वाट्याला अवघे ६ आठवडे येतात. भूलशास्त्र व अतिदक्षता यांना २ आणि आपत्कालीन विभागाला २ आठवडे मिळतात. ज्याला सर्जन व्हावयाचे आहे, त्याच्यासाठी हे दहा आठवडे अमोल आहेत. या काळात त्याच्यावर अंतिम निर्णयाची जबाबदारी नसते, मात्र सर्व काही जवळून पाहण्याची मुभा असते. निवासी डॉक्टर झाल्यावर जबाबदारी येते आणि निवांतपणा संपतो.

परीक्षा आणि रुग्णसेवा यांत विरोध मानण्याचे कारण नाही. दिवसा जो रुग्ण पाहिला, त्याचाच विषय रात्री वाचावा, ही साधी पद्धत आम्ही सुचवितो. वॉर्डात हर्नियाचा रुग्ण दाखल असेल, तर जांघेतील नलिकेची शरीररचना त्या दिवशी उघडावी. काविळीचा रुग्ण असेल, तर पित्तनलिकेचा मार्ग कागदावर रेखाटून पाहावा. रुग्णाच्या चेहऱ्याशी जोडलेले ज्ञान सहसा विसरले जात नाही आणि परीक्षेतही तेच उपयोगी पडते. क्लिनिकल तपासणीसाठी हॅमिल्टन बेली यांचा १९२७ साली प्रथम प्रसिद्ध झालेला ग्रंथ आणि पोटाच्या तीव्र विकारांवरील झॅकरी कोप यांचे १९२१ सालचे छोटेखानी पुस्तक आजही नव्या आवृत्त्यांतून वाचले जाते. ही पुस्तके खाटेजवळ उभे राहून वाचण्याची आहेत, असे आम्ही म्हणू.

योग्या : सरावाची जुनी परंपरा

रुग्णावर हात टाकण्यापूर्वी सराव करावा, हा विचार पाश्चात्त्य सिम्युलेटरांबरोबर आपल्याकडे आला, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय या एकाच विषयाला वाहिलेला आहे. त्याचे नाव ‘योग्यासूत्रीय’. योग्या म्हणजे सराव. शस्त्रकर्माचे जे आठ प्रकार सुश्रुताने मानले, त्या प्रत्येकासाठी सरावाचे साहित्य तेथे नेमून दिले आहे. छेदनासाठी भोपळा, कलिंगड व काकडी. भेदनासाठी पाणी आणि चिखल भरलेल्या कातडी पिशव्या. लेखनासाठी केसांसहित ताणलेले चामडे. वेधनासाठी मृत पशूंच्या शिरा व कमळाचे देठ. एषणासाठी किडीने पोखरलेले लाकूड व बांबू. आहरणासाठी फणसाचा व बेलफळाचा गर आणि मृत पशूंचे दात. विस्रावणासाठी मेण लावलेली सावरीची फळी. आणि सीवनासाठी जाड व तलम वस्त्रांच्या कडा तसेच मऊ चामडे. पट्टी बांधण्याचा सराव तर मनुष्याकृती पुतळ्यावर करावयाचा होता. शास्त्र कितीही पढलेला असला, तरी ज्याने सराव केलेला नाही तो प्रत्यक्ष कर्मास अपात्र होय, असा त्या अध्यायाचा अभिप्राय आहे.

आज या उपदेशाचे पालन करण्यास फारसा खर्च येत नाही. दोऱ्याचे एक रीळ खुर्चीच्या हाताला बांधून गाठींचा सराव करता येतो. प्रथम दोन्ही हातांनी, मग एका हाताने, मग डाव्या हाताने आणि अखेरीस डोळे मिटून. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या उलट दिशेने पडला, तरच गाठ सपाट बसते. एकाच दिशेने पडलेली गाठ घसरते. रक्तवाहिनीवर बांधलेली गाठ घसरली तर काय होते, हे सांगावयास नको. टाक्यांच्या सरावासाठी फोमचा तुकडा, केळ्याची वा संत्र्याची साल, खाटकाकडून आणलेला बकरीचा पाय अशी साधी साधने पुरेशी आहेत. सुई टोकाच्या दिशेने दोनतृतीयांश अंतर सोडून चिमट्यात धरावी, त्वचेत काटकोनात शिरवावी आणि तिच्या वक्रतेला अनुसरून मनगट फिरवून बाहेर काढावी. टाका जितका घट्ट तितका चांगला, ही समजूत चुकीची आहे. जखमेच्या कडा एकमेकींना टेकल्या पाहिजेत. त्या आवळल्या गेल्या तर तेथील रक्तपुरवठा खुंटतो आणि जखम भरण्याऐवजी उकलते.

दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियांचा प्राथमिक सरावही एका पेटीत मोबाइलचा कॅमेरा बसवून करता येतो. पडद्यावर पाहत हात चालविण्याची सवय लागण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ रुग्ण भुलीखाली असताना घालविणे योग्य नाही. आपल्या देशात दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. त्याच रुग्णालयात रोगनिदानासाठी दुर्बिणीचा उपयोग त्यांनी १९७२ पासून सुरू केला होता. म्हणजे ज्या शस्त्रक्रियेने त्यांचे नाव सर्वत्र झाले, तिच्यामागे अठरा वर्षांचे पाहणे होते. नव्या तंत्राची घाई झालेल्या तरुणांनी हे अंतर ध्यानात ठेवावे.

केव्हा कापावे आणि केव्हा थांबावे

हस्तकौशल्य हा शल्यचिकित्सेचा दृश्य भाग आहे. शस्त्रक्रिया करावी की नाही आणि करावी तर केव्हा, हा निर्णय त्याहून कठीण असतो. या निर्णयाचे शिक्षण नवपदवीधराला कोठे मिळते? आमच्या अनुभवाने सांगावयाचे तर, एकाच रुग्णाला वारंवार तपासण्यात.

अपेंडिक्सच्या दाहाचे उदाहरण घेऊ. वेदना प्रथम बेंबीभोवती मंदपणे सुरू होते, भूक मरते, मळमळते आणि काही तासांनी वेदना उजव्या बाजूस खाली सरकून एका ठिकाणी स्थिर होते. पुस्तकातील हे वर्णन सर्वांना पाठ असते. परंतु रुग्ण सकाळी येतो तेव्हा वेदना अजून सरकलेली नसते, वृद्धाला ताप नसतो, गरोदर स्त्रीत दुखण्याची जागा निराळी वाटू शकते. अशा वेळी सोनोग्राफी आणि सी.टी. स्कॅन यांचा मोठा आधार असतो. तरीही सकाळी आठला, दुपारी बाराला आणि सायंकाळी चारला त्याच हातांनी तेच पोट तपासणाऱ्या डॉक्टरला जो बदल जाणवतो, त्याचे मोल कमी होत नाही. पोट मऊ होते ते कडक झाले, खोकताना रुग्ण आता पोट धरतो, नाडी ८४ वरून ११० वर गेली, या तीन नोंदी वरिष्ठांना कोणत्याही एका अहवालाइतक्याच उपयुक्त ठरतात. अशी पुनःपुन्हा तपासणी करण्यास वेळ असतो तो आंतरवासी डॉक्टरलाच.

येथे एक जुनी समजूत दूर करणे उचित होईल. निदान होईपर्यंत पोटदुखीच्या रुग्णाला वेदनाशामक देऊ नये, अन्यथा लक्षणे झाकली जातात, असे पूर्वी शिकविले जाई. पुढील संशोधनातून या भीतीला आधार मिळाला नाही. योग्य मात्रेत वेदनाशमन दिल्याने निदानाची हानी होत नाही. उलट शांत झालेला रुग्ण नीट तपासू देतो. गुरुजनांचा आदर राखूनही शास्त्राच्या प्रगतीबरोबर चालावे लागते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

शस्त्रक्रियेनंतरची रात्र

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे आपण थिएटरच्या दाराशी आप्तांना सांगतो. खरे पाहता तेव्हा अर्धेच काम झालेले असते. रुग्ण वॉर्डात परततो आणि रात्री त्याच्याजवळ असतात ते कनिष्ठ डॉक्टर व सिस्टर. सर्जन होऊ इच्छिणाऱ्याने अशा रात्रींचा कंटाळा करू नये.

काय पाहावे? प्रथम नाडी. आतून रक्तस्राव होत असेल किंवा आतड्याची जोडणी सुटत असेल, तर रक्तदाब उतरण्याच्या आधी पुष्कळदा नाडीची गती वाढते. मग लघवीचे प्रमाण: प्रौढ रुग्णाला ताशी प्रत्येक किलो वजनामागे साधारण अर्धा मिलिलिटर लघवी व्हावी, म्हणजे ६० किलो वजनाच्या रुग्णास ताशी ३० मिलिलिटर. सलग काही तास ती कमी भरत असेल, तर केवळ सलाईनचा वेग वाढवून झोपी जाणे योग्य नव्हे. कारण शोधले पाहिजे. ताप कोणत्या दिवशी आला, यालाही अर्थ असतो. पहिल्या दोन दिवसांत तो बहुधा शस्त्रक्रियेच्या आघातामुळे येतो. पुढे मूत्रमार्गाचा, सलाईनच्या शिरेचा आणि फुप्फुसांचा विचार करावा. पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास जखम उघडून पाहावी आणि आतड्याची जोडणी आठवावी. पोटरीतील सूज आणि दम लागणे यांकडे कधीही दुर्लक्ष करू नये.

आणि शंका आली की वरिष्ठांना बोलवावे. मध्यरात्री फोन करण्यास संकोच वाटतो, हे स्वाभाविक आहे. म्हणून सांगण्याची एक पद्धत ठरवून घ्यावी: रुग्ण कोण, कोणती शस्त्रक्रिया, आज कितवा दिवस, काय बदलले, आपल्याला काय वाटते आणि वरिष्ठांनी काय करावे अशी अपेक्षा आहे. हे सर्व एका मिनिटात सांगता येते. असा फोन केल्याबद्दल कोणी रागावलेच, तर तो राग सोसावा. न केलेल्या फोनची भरपाई मात्र करता येत नाही.

थिएटरमधील शिस्त

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासणी-सूची प्रसृत केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्यापूर्वी अशा तीन वेळी थांबून ती मोठ्याने वाचावयाची असते. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती, बाजू उजवी की डावी, ॲलर्जी आहे काय, प्रतिजैविक वेळेवर दिले काय, गॉज आणि सुया मोजून भरल्या काय, असे हे साधे प्रश्न आहेत. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत या सूचीचा अभ्यास झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. पुढे २०१४ साली कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांच्या अभ्यासात मात्र अशी लक्षणीय घट दिसली नाही. या दोन अभ्यासांतून आम्ही जो बोध घेतो तो असा: कागदावर खुणा केल्याने रुग्ण वाचत नाही, खुणा करताना सर्वांनी खरोखर थांबून ऐकले तर वाचतो.

या सूचीत प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, असाही एक मुद्दा आहे. तो औपचारिक वाटतो, पण त्यामागे हेतू आहे. ज्याने एकदा तोंड उघडून नाव सांगितले, तो पुढे चूक दिसल्यास बोलण्यास कमी कचरतो. नवपदवीधराने थिएटरमध्ये प्रथम सिस्टरांकडून शिकावे. उपकरणांची नावे, निर्जंतुक क्षेत्राची मर्यादा, मोजणीचा क्रम हे सारे त्यांच्याइतके चोख क्वचितच कोणाला ठाऊक असते. सहायक म्हणून उभे राहिल्यावर केवळ रिट्रॅक्टर धरून न राहता सर्जनची पुढची कृती काय असेल, याचा मनाशी अंदाज बांधावा. शस्त्रक्रिया संपल्यावर त्याच दिवशी आपल्या वहीत तिचे टप्पे लिहावेत आणि आकृती काढावी. अशा शंभर नोंदींची वही हा निवासी डॉक्टरचा मोठा ठेवा असतो.

संमती आणि संवाद

शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही घेण्याचे काम बहुधा सर्वांत कनिष्ठ डॉक्टरकडे येते. ते कारकुनी काम समजले जाते, ही दुर्दैवाची गोष्ट आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्ट केले, की रोगनिदानासाठी दिलेली संमती ही उपचारासाठीची संमती ठरत नाही. सज्ञान रुग्ण भुलीखाली असताना नातेवाइकाकडून घेतलेल्या होकाराने पुढील शस्त्रक्रिया करता येत नाही. तातडीने जीव वाचविण्याची निकड असेल तेव्हाच अपवाद. कायद्याचे हे म्हणणे मुळात माणुसकीचेच आहे.

धर्मादाय रुग्णालयात या विषयाला आणखी एक बाजू आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या असतात. या खाटांवरील रुग्ण फारसे प्रश्न विचारीत नाहीत. “तुम्हीच मायबाप, डॉक्टर,” असे म्हणून ते अंगठा पुढे करतात. त्यांचा हा विश्वास म्हणजे सरावाचा परवाना, अशी भावना नकळतही मनात शिरू देऊ नये. जो पैसे देतो त्याच्यासाठी अनुभवी हात आणि जो देऊ शकत नाही त्याच्यावर शिकाऊ हात, अशी विभागणी झाली तर धर्मादाय या शब्दाला अर्थ उरणार नाही. शिकणाऱ्याचा हात सर्वच रुग्णांवर वरिष्ठांच्या देखरेखीखाली आणि पुरेशा सरावानंतरच चालावा. रुग्णाला त्याच्या बोलीत, साध्या शब्दांत सांगावे: काय झाले आहे, काय करणार आहोत, न केल्यास काय होईल, कोणता धोका आहे आणि शस्त्रक्रिया कोण करणार आहे. मग त्यालाच विचारावे, “तुम्हांला काय समजले ते सांगा पाहू.” त्याच्या उत्तरावरून आपले सांगणे कितपत पोहोचले, हे कळते.

स्वतःची काळजी

कावीळ-बीच्या लशीचे तीन डोस साधारणतः ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यावयाचे असतात. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यावी. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये आणि धारदार उपकरण हातातून हातात न देता ट्रेमधून द्यावे. सुई टोचल्यास जागा साबण-पाण्याने धुऊन तत्काळ नोंद करावी, एच.आय.व्ही.चा प्रतिबंधक उपचार शक्य तितक्या लवकर, आणि फार तर ७२ तासांच्या आत, सुरू व्हावा लागतो. झोप, वेळेवर जेवण आणि व्यायाम यांना चैन समजू नये. थकलेल्या हाताची किंमतही अखेर रुग्णच मोजतो.

कोठे शिकावे

पदव्युत्तर जागा निवडताना अनेक जण इमारत, शहर आणि नावलौकिक पाहतात. आम्ही असे सुचवू, की तेथील निवासी डॉक्टरांना स्वतःच्या हाताने काय करावयास मिळते आणि करताना शेजारी कोण उभे असते, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालाने जगातील ५ अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया उपलब्ध नाही, असे नमूद केले. सिझेरियन, पोट उघडून करावयाची शस्त्रक्रिया आणि उघड्या अस्थिभंगावरील उपचार या तीन गोष्टी जेथे होऊ शकतात, ते रुग्णालय प्राथमिक शल्यसेवेस सक्षम, असा निकष त्याने मांडला. २०२० च्या नियमांमुळे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा स्तरावरील रुग्णालयात काम करावे लागते. हे तीन महिने शिक्षा न मानता, याच साध्या व जीवनदायी शस्त्रक्रिया शिकण्याची संधी मानावेत.

तरुण मित्रांनो, शल्यचिकित्सेत येण्याची घाई करू नका, पण तयारीस उशीरही लावू नका. आजच दोऱ्याचे रीळ आणा, उद्याच्या राऊंडपूर्वी आपल्या वाट्याच्या रुग्णाची नाडी स्वतः मोजा आणि आज पाहिलेली शस्त्रक्रिया वहीत उतरवून ठेवा. आमच्या वॉर्डात येऊन ज्यांना अशी तयारी करावयाची आहे, त्यांचे आम्ही स्वागतच करू. आणि हितचिंतकांना आमची विनंती आहे, की नव्या यंत्रासाठी आपण जशी सढळ हाताने मदत करता, तशीच सरावाच्या एका खोलीसाठी, चार पेट्यांसाठी आणि काही पुस्तकांसाठीही करावी. त्या खोलीत झालेल्या चुका कोणत्याही रुग्णाला सोसाव्या लागणार नाहीत.